नव्या सरपंचताईंना: आधी वीजबिल, मग योजना

शिंदखेडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावाहून नव्या सरपंचताईंनी विचारलंय. गाव साधारण दोन हजार वस्तीचं, उंबरे चारशेच्या वर. ताई जनतेतून थेट निवडून आल्या, पण नऊ सदस्यांपैकी सहा समोरच्या पॅनलचे. नदी हाकेच्या अंतरावर आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलंय, वर्षात दोनदा कनेक्शन कापलं गेलं. पट्टी मागायला गेलं की लोक म्हणतात आधी पाणी द्या. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात निधी नाही. मागच्या सरपंचांच्या काळातल्या गटारीचं बिल सहीसाठी टेबलावर पडून आहे आणि घरचे म्हणतात, सही कर नि मोकळी हो. ताईंचा प्रश्न एवढाच: सुरुवात कुठून करू, आणि कोणती योजना आणू?

ताई, योजना आणू नका. निदान पहिलं वर्ष तरी.

मी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून 31 वर्षं ग्रामसेवकी केली, ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. (2024 मध्ये शासनाने दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं. गावात मात्र आम्ही भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) एवढ्या वर्षांत पैशावाचून अडलेली गावं पाहिली, पण त्याहून जास्त गावं पाहिली ती योजना येऊन अडलेली. माझ्या एका गावात पाण्याच्या तीन टाक्या होत्या, तीन वेगवेगळ्या योजनांच्या. पाणी एकीतच चढायचं. दुसऱ्या दोन टाक्यांवर निवडणुकीची चिन्हं रंगवायचे. टाकी बांधायला पैसा सरकार देतं. ती रोज भरायचा पैसा कुणी देत नाही. तुमच्या गावात नदी आहे, जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर) आहे, पाइपलाइन आहे, नळ आहेत. नाही ते फक्त वीजबिल. म्हणजे तुमचा प्रश्न पाण्याचा नाहीच, वसुलीचा आहे. आणि वसुली ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी ना आमदारांचं पत्र लागतं, ना जिल्हा परिषदेची प्रशासकीय मान्यता.

आधी हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मोटारीचं बिल महिन्याला 14 हजार येतं, वर्षाचे 1 लाख 68 हजार. पाणी सोडणाऱ्या माणसाच्या पगारातला पंचायतीचा वाटा महिन्याला 6 हजार, म्हणजे 72 हजार. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह, वर्षातून एकदा मोटार जळणार हे धरून तिचं रिवाइंडिंग, पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की जॅकवेलमध्ये बसणारा गाळ काढणं, हे सगळं मिळून 60 हजार. बेरीज 3 लाख. तुमच्याकडे नळजोड 300 असतील तर एका घराला वर्षाला हजार रुपये. दिवसाला पावणेतीन. हा आकडा फळ्यावर लिहून पंचायतीच्या भिंतीला टांगा. लोकांना 'पाणीपट्टी हजार रुपये' हे ऐकायला जड जातं, पण मोटार, पगार, पावडर असं वेगवेगळं लिहिलेलं दिसलं की तेच लोक त्यात भर घालतात, 'गाळ काढायला एवढे नाही लागत, मन्हा पोऱ्या जेसीबीवर आहे, मी विचारतो.'

आता दप्तर. चार्ज घेताना तुम्ही सही केली असेल, दप्तर बहुधा पाहिलं नसेल. कपाट उघडून चार गोष्टी बाहेर काढायला सांगा: नमुना 8, नमुना 9, नमुना 5 आणि ग्रामसभेचं इतिवृत्त. नमुने, म्हणजे पंचायतीच्या ठरवून दिलेल्या वह्या नि तक्ते, एकूण 33 आहेत, बाकीचे हळूहळू कळतील.

नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कुणाचं घर, किती लांबीरुंदीचं, कशाचं बांधलेलं, त्यावर किती कर. या वहीत तुमच्या गावाचा खरा पैसा दडलेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ती वही घ्या, शिपायाला बरोबर घ्या आणि एका आळीतून चाला. पैज लावून सांगतो, वहीत 'धाब्याचे घर, 3 खण' असं लिहिलेलं असेल आणि समोर दुमजली स्लॅब उभा असेल, खाली दुकान, वर डिश. धाब्याचं घर पाडून वीस वर्षं झाली, वहीत ते अजून उभंच आहे. कारण सोपं आहे: दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते, आणि ती बहुतेक ठिकाणी जुन्या वहीवरून नव्या वहीत उतरवून केली जाते. मीही तरुणपणी तशी केली आहे, एका उन्हाळ्यात, पंख्याखाली बसून. लपवत नाही.

2015 पासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय, वापर राहण्याचा की धंद्याचा, यावरून मूल्य निघतं आणि त्यावर कराचा दर. दर किमान आणि कमाल यांच्यामध्ये पंचायतीने ठरवायचा असतो. इथे तुमचे सहा विरोधी सदस्य आडवे येतील, कारण करवाढ म्हटलं की विरोधकाला फुकटचं भाषण मिळतं. म्हणून दराला हातच लावू नका. दर आहे तोच ठेवा, नोंद खरी करा. 'सरपंचाने कर वाढवला' असं कुणाला म्हणता येणार नाही. वाढलाच असेल तर ज्याचं घर वाढलं त्याचा वाढला. नवी आकारणी यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, तो टप्पा गाळू नका. ज्या गावात गाळला गेला तिथे पुढे पाच वर्षं अपिलं चालली. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतल्या मिळकत पत्रिकेवर क्षेत्र तयार मिळेल, टेप धरायचा त्रास वाचेल.

एक सूचना मात्र आताच. नमुना 8 चा उतारा हा मालकीचा पुरावा नाही, फक्त कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. हे गावात कुणालाच पटत नाही. तुम्ही सरपंच झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एखादा भाऊबंद पेढे घेऊन येईल आणि म्हणेल, 'ताई, बापाच्या नावावरचं घर माझ्या एकट्याच्या नावावर लावून द्या, भाऊ सुरतला असतो, त्याची काही हरकत नाही.' पेढे खा, नाव लावू नका. वारसाचे कागद, वाटणीपत्र किंवा खरेदीखत, आणि सर्वांना नोटीस. सुरतचा भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येतो तेव्हा त्याची हरकत असते की नाही ते कळतं.

सुरतेवरून आठवलं. आपल्या खान्देशातल्या गावांचं एक दुखणं बाहेरच्यांना कळत नाही. दर पाच-सात घरांतल्या एकाला कुलूप. माणसं सुरतेत उधना-लिंबायतला मागावर, नाहीतर पुण्याला. मार्चमध्ये वसुली मोहीम काढून शिपाई कुलपांना नोटिसा चिकटवून येतो आणि वसुली 30 टक्क्यांवर थांबते. मला हे उमजायला निम्मी नोकरी गेली. ही माणसं वर्षातून दोनदा हमखास येतात: आखाजीला, आणि श्रावणात कानबाई देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंदकीचे रोट असतात, घराला कुलूप असूच शकत नाही. मी एका गावात त्या शनिवारी चौकात टेबल टाकलं, नमुना 10 चं पावतीपुस्तक, नमुना 9 ची मागणीची वही आणि एक मोठा माठ थंड पाण्याचा. सुरतवाले खिशात पैसे घेऊन आलेले असतात, गावात मान हवा असतो, आणि चारचौघांत थकबाकीदार म्हणून नाव नको असतं. त्या दोन दिवसांत जमा झालं तेवढं त्याआधीच्या अख्ख्या मार्चमध्ये झालं नव्हतं. एकाने तर माझ्याकडे न पाहता बायकोकडे पाहून सांगितलं, 'बठ्ठा भरी टाक, मांगलं बी.' (सगळं भरून टाक, मागचंही.) शिवाय 30 सप्टेंबरच्या आत चालू वर्षाचा कर भरला तर 5 टक्के सूट असते, कानबाई त्याआधीच येते. हे माइकवरून सांगा.

नमुना 9 ही मागणीची वही. कुणाकडे किती मागील, किती चालू, किती वसूल. ती उघडून पहिली नावं कुणाची पाहायची? गरिबाची नाही. नऊ सदस्यांची, माजी सरपंचांची, सोसायटीच्या चेअरमनची, आणि सगळ्यांत आधी तुमच्या सासऱ्यांची. तुमच्या घराची थकबाकी असेल तर उद्या सकाळी भरा आणि पावती फाइलला लावा. यात तत्त्व वगैरे काही नाही, कायदा आहे. मागणीचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर सदस्य अपात्र होऊ शकतो, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये ते आहे. तुमच्या विरोधी सदस्यांनी तुमचा उतारा निवडून आल्याच्या दिवशीच काढून ठेवला असेल. याच कलमात सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचीही तरतूद आहे, आणि अतिक्रमण घरातल्या दुसऱ्याने केलेलं पण तुम्ही त्यात राहता एवढ्यावरही पद जाऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. म्हशींचा गोठा गावठाणाच्या रस्त्यात दोन हात पुढे आलेला असेल तर तो मागे घ्या. मी सरपंच जाताना पाहिले ते भ्रष्टाचाराने कमी, गोठ्याने आणि घरपट्टीने जास्त.

मग त्या सहा सदस्यांची बिलं काढा. रीतसर, पोच घेऊन. धमकी देऊ नका, भांडू नका, 'तुम्हाला घालवते' हे शब्द तोंडातून काढू नका. बिल पोचलं की ते स्वतः भरतात, कारण तीन महिन्यांचं गणित त्यांनाही ठाऊक असतं. पंचायतीच्या सदस्याने पट्टी भरली ही बातमी गावात दवंडीपेक्षा लवकर फिरते.

जे तरीही भरणार नाहीत त्यांचे नळ तोडायला जाऊ नका, निदान सुरुवातीला. उन्हाळ्यात नळ तोडायला गेलेला शिपाई मी डोकं फुटून परत आलेला पाहिला आहे. मागणी बिल, त्यानंतर मागणीचा हुकूम, मग जप्ती, हा कायद्याचा रस्ता आहे, पण जप्तीपर्यंत जावं लागत नाही. थकबाकीची प्रकरणं तालुक्याच्या लोकअदालतीत ठेवा. न्यायालयाच्या शिक्क्याची नोटीस घरी आली की म्हातारी सुनेला विचारते, सून नवऱ्याला फोन करते आणि पैसे येतात. हजारासाठी कोर्टाची पायरी चढायची खान्देशी माणसाची तयारी नसते. बांधासाठी असते, ते वेगळं.

भाऊसाहेब निधी नाही म्हणतात, त्यात निम्मं खरं आहे. वित्त आयोगाचा पैसा मोजून येतो आणि बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. त्यातलाही 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच, निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. 40 टक्के अबंधित, तोही पगाराला चालत नव्हता. 2021 मध्ये शासनाने यातून पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली वीजबिलं भरायला परवानगी दिली. तेव्हा सगळ्या सरपंचांनी सुटकेचा श्वास सोडला. मला ते पटलं नव्हतं. बिल भागलं, पण गावाला सवय लागली की बिल सरकार भरतं. पुढच्या वर्षी वसुली आणखी पडली आणि नाल्या-शाळेची कामं त्या वीजबिलात गेली. तुमच्या थकबाकीची मुळं तिथे सापडली तर नवल नाही.

वीज कंपनीच्या उपविभागात स्वतः जा. मिस्टरांना पाठवू नका. हप्ते बांधून मागा, पहिला हप्ता त्याच दिवशी भरा, आणि मागच्या बारा महिन्यांच्या रीडिंगचा कागद घ्या. बऱ्याच ठिकाणी मीटर बंद आणि बिल सरासरीने येत असतं. एका गावात तर तीन वर्षं पाडलेल्या विहिरीच्या मोटारीचं बिल येत होतं, आणि पंचायत ते इमानाने थकवत होती.

स्वउत्पन्नातले सगळे पैसे विजेलाच घालता येणार नाहीत, हेही लक्षात ठेवा. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणाला 10 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावाच लागतो. बहुतेक गावांत हा खर्च 31 मार्चला खुर्च्या आणि सतरंज्या घेऊन उरकतात. तुम्ही त्यात काय करायचं ते महिला ग्रामसभेला विचारा.

आता ग्रामसभा. तुमच्या परिस्थितीत तीच तुमचं बहुमत आहे. मासिक सभेत सहा विरुद्ध तीन, तिथे तुमचा ठराव पडणार हे धरून चाला. पण तुम्ही थेट जनतेतून आलात. अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्यांनी मंजूर करून वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं. नऊ जणांची पंचायत आहे, त्यांना सहा पुरत नाहीत. म्हणून घाबरून कुणाला 'वाटा' कबूल करू नका. तसा निरोप आला असेल, किंवा येईल.

वर्षाला किमान चार ग्रामसभा. नोटीस सात दिवस आधी, प्रत्येक सभेआधी महिलांची वेगळी सभा. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी असेल ते. शंभर माणसं जमत नाहीत, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. या पळवाटेवर अर्ध्या महाराष्ट्राच्या ग्रामसभा चालतात: पहिली सभा कागदावर तहकूब, दुसरी पारावर बारा माणसांत. तुम्ही ही वाट धरू नका, कारण ती तुमच्या विरोधकांच्या सोयीची आहे. तुम्हाला माणसं हवीत. माणसं आणायचा एकच उपाय मला सापडला, तो म्हणजे नमुना 5, रोकड वही, मोठ्याने वाचायची. भाषण नाही, योजनांची माहिती नाही. अमुक तारखेला अमुक दुकानातून दोन पोती टीसीएल, एवढे रुपये. अमुक तारखेला मोटार दुरुस्ती. पहिल्या पानाला हशा होतो, दुसऱ्याला कुजबुज, तिसऱ्याला मागून एखादे आप्पा उठतात, 'थांबा भाऊसाहेब, ते दिनले मोटार बंद व्हती का?' तिथून ग्रामसभा सुरू होते. पुढच्या वेळी बोलवावं लागत नाही.

आणि हो, 'पानी येस नही, मंग पट्टी काबर भरू?' हे वाक्य त्याच सभेत येणार. त्याला वाद घालू नका. त्यांना सांगा, पुढचे तीन महिने दर आठवड्याला कुठल्या आळीला किती वाजता पाणी सुटलं ते फळ्यावर लिहीन, आणि जमा किती झाले तेही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी. मग तो प्रश्न तुमच्याऐवजी शेजारच्या आळीला विचारला जातो.

इतिवृत्ताबद्दल माझी चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गावात ग्रामसभा संपायला रात्र झाली, मी मुद्दे चिठ्ठीवर घेतले आणि 'उद्या लिहितो' म्हणून घरी आलो. लिहिताना शेवटच्या पानावर अर्धं पान कोरं राहिलं. दोन महिन्यांनी त्या कोऱ्या जागेत नदीतल्या वाळूला हरकत नसल्याचा ठराव होता, दुसऱ्याच्या अक्षरात, खाली माझी आणि सरपंचांची खरी सही. चौकशी झाली, माझी वेतनवाढ थांबली. चूक माझीच. तेव्हापासून इतिवृत्त सभेतच लिहायचं, वाचून दाखवायचं, शेवटच्या ओळीखाली तिरपी रेघ मारून जागा बंद करायची आणि तिच्यावर सही. तापीकाठचं गाव आहे तुमचं, वाळू तुमच्याकडेही आहे. ठरावाची वही कुणाच्याही मोटारसायकलच्या डिकीत जाऊ देऊ नका.

त्याच जातीची आजची गोष्ट म्हणजे डोंगल, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा. वित्त आयोगाचे पैसे आता चेकने जात नाहीत, सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन जातात. तुमच्या नावाचं डोंगल बहुधा संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि पिन त्याच्या मोबाइलमध्ये. आजच ताब्यात घ्या, पिन बदला. 'ताई, रोज तालुक्याला यावं लागेल' म्हणतील. या. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. घरच्यांनाही स्पष्ट सांगा की पंचायतीच्या खुर्चीवर आणि कागदावर नवऱ्याने कारभार करायला शासनाने परिपत्रकं काढून मनाई केलेली आहे, आणि अपात्रतेचा अर्ज झाला तर पद त्यांचं नाही, तुमचं जाईल. सन्मानाने सांगा. त्यांची मदत वसुलीच्या टेबलाला माठ भरायला घ्या.

तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब फक्त पैशाचंच बोलले. गाव काय हिशेबाने चालतं? आपल्याकडे तरी चाललेलं आहे. तुमच्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. दगडी बंधारा, त्यातून पाट, शेतीचे मोठे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात काय पेरायचं ते शेतकरी बसून ठरवायचे, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. तीनशे वर्षं त्याला कुणी अनुदान दिलं नाही. पाटकऱ्याला धान्य मिळालं नाही तर पाणी वळणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमची मोटार म्हणजे तो पाटकरी, एवढंच. आणि त्याच साक्री तालुक्यात डोंगरात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी जंगल राखलं, नियम गावाने केले, मोडणाऱ्याला दंडही गावानेच केला. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळे अभिनंदनाला गेले. मी तिथे नोकरीत असताना एकदा गेलो होतो तेव्हा माझ्या लक्षात राहिलं ते झाडांपेक्षा गावाची बैठक. माणसं वेळेवर आली होती.

डोंगरातल्या पेसा गावांना, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो, तुम्हाला तो मिळणार नाही. शेजारच्या शिरपुरातल्या एखाद्या सरपंचाने 'आम्हाला मिळतो, तुम्हाला कसा नाही' म्हटलं तर भाऊसाहेबांवर चिडू नका, तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात नाही एवढंच कारण आहे.

राहिलं ते गटारीचं बिल. सही करू नका, आणि नाकारूही नका. दोन्हीत फसाल. ठेकेदाराचं काम खरोखर झालं असेल तर त्याचे पैसे अडवायचा तुम्हाला हक्क नाही, माजी सरपंचांचा राग त्याच्यावर काढू नका. भाऊसाहेबांना लेखी पत्र द्या: या कामाचं अंदाजपत्रक, ग्रामसभेच्या आराखड्यातली नोंद, कार्यारंभ आदेश, शाखा अभियंत्याने भरलेलं मोजमाप पुस्तक, पूर्णत्वाचा दाखला आणि कामाचे फोटो माझ्यासमोर ठेवा. मोजमाप पुस्तकात लांबी लिहिलेली असते. समजा 120 मीटर आहे. मग एका सकाळी, सात वाजता, लोक दात घासत ओट्यावर बसलेले असताना, दोन सदस्य बरोबर घेऊन तिथे जा. दोघांपैकी एक विरोधी पॅनलचा घ्या. टेप शिपायाकडे मागू नका, तो हरवलेला असतो. शिंप्याचा चालणार नाही, गवंड्याचा 30 मीटरचा मागून घ्या. गटार मोजा, रुंदी आणि खोलीसुद्धा, एक टोक त्या विरोधी सदस्याच्या हातात द्या आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. जो आकडा निघेल तो तिथेच पंचनाम्यात लिहून तिघांनी सह्या करा. 120 निघाले तर त्याच दिवशी सही करून बिल पाठवून द्या. 80 निघाले तर पंचनामा जोडून गटविकास अधिकाऱ्यांना पत्र, पोच घेऊन, आणि पुढच्या ग्रामसभेत रोकड वहीनंतरचा विषय तोच ठेवा.